उन्हाळ्यातला गळ: पहाटे टाकावा की संध्याकाळी?

ऊन तापायला लागलं की दुपारी गळ टाकून बसण्यात अर्थ नाही, हे एक-दोन मोसमांत ज्याचं त्याला कळतं. तेव्हा दुपार सोडूनच देऊ. उरतात पहाट आणि संध्याकाळ. कामधंदा सांभाळून दोन्ही वेळा साधणं बहुतेकांना जमत नाही, एकच धरावी लागते. मी आधी तीन उन्हाळे संध्याकाळी बसलो, मग पहाटेकडे वळलो. दोन्हींबद्दल जे अनुभवलं ते सांगतो.

संध्याकाळची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. झोपमोड होत नाही ही सोय झालीच, पण खरं कारण पाण्यात आहे. दिवसभर उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडत असतात. त्यामुळे साचलेल्या, हिरवट पाण्यात तो दुपार टळल्यापासून मावळतीपर्यंत भरपूर असतो. रात्री उलटं होतं. ऊन नसलं की त्याच वनस्पती प्राणवायू वापरतात आणि सूर्य उगवायच्या जरा आधी त्याचं प्रमाण सगळ्यात खाली येतं.

हे माहीत नव्हतं तेव्हा एका गवताळ तळ्यावर मी अगदी पहाटे पोचलो होतो. आदल्या दिवशी आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. पाहतो तर काठाजवळ मासेच मासे, तोंडं वर काढून पाणी चुबकत होते. मला वाटलं, आज चंगळ! गांडूळ लावून बरोबर त्यांच्या पुढ्यात सोडलं. एकानेही तोंड लावलं नाही, गांडूळ त्यांच्या अंगाला घासून खाली गेलं तरी. ते भुकेने वर आलेच नव्हते, श्वास घ्यायला आले होते. त्यांची तीच धडपड चालली होती, खाणार कुठून? अशा पाण्यात, अशा हवेत संध्याकाळच बरी, हे मी आजही मान्य करतो. मरळीची गोष्ट वेगळी. ती हवेतूनही श्वास घेते, तिला ही अडचण फारशी नाही.

पण सगळं पाणी तसं नसतं. वाहती नदी, मोठा जलाशय, वारा खेळणारा काठ, अशा ठिकाणी पहाटेची टंचाई सहसा एवढी जाणवत नाही आणि मग पहाटेचा गारवा कामाला येतो. पाणी हळू तापतं आणि हळूच निवतं. सूर्य कलला तरी वरचा थर तापलेलाच असतो. सगळ्यात गार तो पहाटे मिळतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात पाणी तापलं की माशाच्या अंगाची गरज वाढते. उन्हाळ्यात माशाची भूक मरते असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. ऊब एका मर्यादेत असेपर्यंत तो उलट जास्त खातो. प्राणवायू पुरेनासा झाला की मगच गप्प होतो.

एवढ्यावरून कुणी संध्याकाळ सोडावी असं मी म्हणणार नाही. मी सोडली ती एका त्रासापायी, आणि तो त्रास म्हणजे अंधारात मारायची गाठ.

संध्याकाळचा घास, म्हणजे माशाचं गळाला तोंड लावणं, खरा सुरू होतो तो दिवस बुडताना. तासभर हलकं टुकटुक, मग शेवटच्या अर्ध्या तासात फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, सपकन खाली. नेमका तेव्हाच उजेड जातो. एकदा असाच चांगला जड मासा लागला, दगडाला घासून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटला. दुसरा गळ काढला. टॉर्च दातांत धरला, तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायला गेलो तर उजेडावर किडे जमले, कानात, तोंडावर. टॉर्च विझवला तर डोळा दिसेना. कसेबसे पाच वेढे दिले, पण गाठ थुंकीने ओली करायचं राहिलं. कोरडा तंगूस ओढला की घासून गरम होतो आणि गाठ तिथेच कच्ची पडते. ओढून पाहिली, सुटली. पुन्हा सुरुवात. तोवर उरलेला तंगूस वाऱ्याने काठीच्या टोकाला गुंडाळला होता. सगळं सोडवून गळ पाण्यात गेला तेव्हा तळं शांत झालं होतं. असं एकदा नाही, त्या तीन उन्हाळ्यांत कितीतरी वेळा झालं. पहाटेला हा हिशेब उलटा आहे. घासाची वेळ येते ती उजेड वाढत असताना. चुकलं तर पाच मिनिटांत दिसतं आणि दुरुस्त करता येतं.

मासा परत सोडणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जपावी लागते. तापलेल्या पाण्यात झुंजून दमलेला मासा लवकर सावरत नाही. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशासाठी तर पाणी 20 अंशांवर गेलं की जाणकार काठी गुंडाळूनच ठेवतात. पहाटे पाणी गार असतं, गळ कुठे रुतलाय ते दिसतं, मासा हातात कमी वेळ राहतो. मला याचं मोल फार वाटतं.

वेळ कुठलीही निवडा, सगळ्यात खोल जागा मात्र डोळे झाकून धरू नका. खोल, साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात थर पडतात आणि तळाच्या गार थरात प्राणवायू उरत नाही. मासा मधल्या थरात, सावलीच्या कडेला, ओढा येऊन मिळतो तिथे किंवा वारा ज्या काठावर आदळतो तिथे सापडतो. मृगळ तळाशी चरणारा आहे, पण तोही असला मेलेला तळ टाळतो असा माझा अनुभव.

तुमचं पाणी गवताने भरलेलं आणि बंदिस्त असेल, किंवा पहाटे उठणं खरंच शक्य नसेल, तर संध्याकाळ घ्या. फक्त सहा-सात गळ घरूनच तंगुसाच्या तुकड्यांना बांधून, पुठ्ठ्यावर गुंडाळून न्या. तंगूस तुटला की त्यातला एक नुसता अडकवायचा. बाकी कुणी मला विचारलं तर मी पहाट म्हणेन. उजाडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि गळ टाकण्याआधी दोन मिनिटं नुसतं पाणी बघा. मासे तोंडं वर काढून असतील तर तिथे बसू नका, वाऱ्याच्या काठाकडे चाला.