दहा महिने जॉगर, टीशर्ट आणि डोंबिवली लोकल : वापरानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीनंतर फराळ उतरवायला म्हणून पहाटे चालायला जायला लागले. फराळ काही फारसा उतरला नाही, पण कपाट मात्र पार बदललं. झालं असं की पहाटेची ट्रॅक पँट वेगळी, ऑफिसचा कुर्ता-लेगिंग वेगळा, घरी आल्यावर गाऊन, आणि मधेच भाजी आणायला खाली उतरायचं तर परत काहीतरी चढवा, असं दिवसाला चार वेळा चाललेलं, आणि धुण्याचा ढीग बघून आमच्या सासूबाई म्हणाल्या की तुझ्या एकटीचं धुणं आपल्या तिघांएवढं आहे. तेव्हा ठरवलं की एकाच ढिगातले कपडे सगळीकडे चालले पाहिजेत. चालायला, लोकलला, ऑफिसात, किराणा दुकानात. सकाळी सहाला डोळे उघडत नसताना विचार करायला लागू नये इतकंच.

व्यायामाचे कपडे असे दिवसभर सगळीकडे वापरायचे, त्याला ॲथलेजर म्हणतात हे मला नंतर कळलं. खरं सांगायचं तर साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज आणि वर स्वेटर घालून पहाटे फिरणाऱ्या आपल्या काकवा हे कधीपासून करतायत, त्यांना कोणी नाव दिलं नाही एवढंच.

तर एकूण घेतलं ते : चार पँट, सहा टॉप, एक पातळ जॅकेट, बुटांचे दोन जोड. एकदम नाही घेतलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी करत करत, सगळं मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास गेले. त्यातल्या तेरापैकी आज ऑगस्टमध्ये रोजच्या वापरात आहेत आठ. बाकीच्या पाचांचं काय झालं तेच लिहायचंय, कारण घेताना सगळेच छान दिसतात.

पहिली काळी लेगिंग. एका ॲपवरून घेतली, फोटोत जाड दिसत होती. आली तेव्हा मऊ, अगदी लोण्यासारखी, मी खूश. दुसऱ्या महिन्यात मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक बारीक गोळे यायला लागले, चौथ्या महिन्यात ती जागा करडी दिसायला लागली. त्यात एकदा ठाण्याला जिना चढताना मागून एक बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं टॉप जरा खाली घे, ताणल्यावर दिसतंय." त्या बाईंचे उपकार. घरी येऊन मोबाईलचा टॉर्च कापडामागे धरून बघितलं, गाळणी होती गाळणी. आता मी कुठलीही लेगिंग घ्यायच्या आधी ट्रायल रूममध्ये सरळ उकिडवी बसते आणि आरशात मागे बघते, लाज वाटली तरी. आणि हे फक्त स्वस्तातल्या मालाचं होतं असंही नाही, लुलुलेमनसारख्या महागड्या कंपनीला मार्च २०१३ मध्ये काळ्या योगा पँट फार आरपार दिसतात म्हणून दुकानांतून परत घ्यायला लागल्या होत्या. म्हणजे किंमत बघून निर्धास्त व्हायचं कारण नाही. ती माझी लेगिंग सध्या स्कूटर पुसायला आहे, त्या कामाला उत्तम.

दुसरी ग्रे सुती जॉगर. हिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता आणि तिनेच सगळ्यात जास्त छळलं. थंडीत काय सुख होतं म्हणून सांगू, आतून ती टॉवेलसारखी बारीक फासे असलेली विण, घोट्याला रिब म्हणजे ताणणारी पट्टी, खोल खिसे. मार्चपर्यंत मी आठवड्यातून तीनदा तीच घालत होते. मग उन्हाळा आला. ग्रे रंगावर घाम जो उठून दिसतो ना, गुडघ्यामागे आणि बसायच्या जागी, लोकलच्या सीटवरून उठल्यावर जॅकेट कमरेला बांधून चालायला लागायचं. आणि जूनमध्ये तर कहरच. प्लॅटफॉर्मवरचं चिखलपाणी खालच्या रिबने प्यायलं की ते दिवसभर घोट्याला गार चिकटून बसणार, ऑफिसच्या एसीत तर पाय बधिर. घरी धुऊन बाल्कनीत दोरीवर टाकली की दोन दिवस. दोन दिवस! पंख्याखाली आणली तरी कंबरपट्टी आणि खिशाची कापडं ओलीच राहायची आणि मग तो कुबट वास, जो एकदा बसला की परत धुतल्याशिवाय जात नाही आणि परत धुतली की परत दोन दिवस.

याचं कारण साधं आहे, पण मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सुती धागा पाणी आत ओढून धरतो, नुसत्या हवेतला दमटपणाच शंभर ग्रॅम सुती कापडात साडेआठेक ग्रॅम बसतो, नायलॉनमध्ये चारेक ग्रॅम आणि पॉलिस्टरमध्ये अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. त्यात कापड जेवढं वजनदार तेवढं पाणी जास्त. काही कपड्यांच्या लेबलवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, माझी जॉगर होती तीनशेची. टीशर्टला दीडशेच्या आसपास बरं पडतं. पुण्या-नाशकाला थंडी असते, तिथल्यांना तीनशेची जॉगर आवडेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडा अंगावर कसा वाटतो याआधी तो बाल्कनीत किती वेळात वाळतो हे बघायला लागतं. मी आता कपडा हातात घेतला की मनातल्या मनात आधी दोरीवर टाकून बघते.

म्हणून या सगळ्यात बाजी मारली ती नेव्ही ब्लू सरळ पँटने. ही होजियरीची नाही, शर्टाच्या कापडासारखी मागावर विणलेली, नायलॉन आणि थोडं इलास्टेन म्हणजे ताणणारा धागा, त्यामुळे ताणली जाते पण अंगाला चिकटत नाही. मागे इलॅस्टिक, पुढून साधी पँट दिसते, म्हणून ऑफिसात कोणी काही बोलत नाही. रात्री धुऊन नीट झटकून पंख्याखाली टाकली की सकाळी तयार, पिळली नाही तर सुरकुत्याही नाहीत. आणि हिच्या एका खिशाला चेन आहे. लेडीज डब्यात जाणाऱ्या बाईला चेनच्या खिशाचं मोल विचारा. लेगिंगला ते मांडीवर मोबाईलचा खिसा असतो ना, तो दिसायला भारी, पण तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलं की मोबाईल हळूहळू वर सरकतो आणि उठताना बरोबर खाली पडतो, माझा दोनदा पडला, दुसऱ्यांदा स्क्रीनचा कोपरा गेला. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर जाऊन ऐरोलीची गाडी पकडायची असते तेव्हा एक हात पर्सला, एक छत्रीला, मोबाईल चेनमध्ये. फेब्रुवारीत हीच पँट शेवाळी रंगात परत घेतली. आज दोन्हींवर आठवडा चालतो, अतिशयोक्ती नाही.

टॉपची गोष्ट उलटी झाली. नेव्ही पँट लगेच वाळते म्हणून टीशर्ट पण पॉलिस्टरचे तीन घेतले, ते घाम लगेच वाळवणारे. वाळवतात, खरंच वाळवतात. पण घामातला आणि त्वचेचा तेलकटपणा त्या धाग्याला धरून बसतो आणि पाण्याने सहज निघत नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी असं व्हायला लागलं की टीशर्ट धुतलेला, वाळलेला, नाकाला लावून बघितला तरी ठीक, आणि प्लॅटफॉर्मवर पाच मिनिटं उभी राहिले की काखेत मागच्या आठवड्याचा वास जिवंत. मी आपली पावडर वाढवत गेले, वर सुगंधी सॉफ्टनर ओतत गेले, आणि वास वाढत गेला. नंतर कळलं की सॉफ्टनर धाग्यावर थर चढवतो, मग घाम शोषून पसरवायचं त्या कापडाचं कामच बंद पडतं. आता सॉफ्टनर बंद, पावडर निम्मी, कपडा उलटा करून धुवायचा, आणि पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजत ठेवायचा. दोन टीशर्ट वाचले. तिसरा पहाटेच्या चालण्यापुरताच ठेवलाय, तिथे कोण वास घेतंय.

ऑफिसला मात्र दोन सुती टीशर्टच. एक विटकरी, एक पांढरट. वजन कमी असल्यामुळे ते दीड दिवसाच्या आत वाळतात, तेवढं खपवून घेते. आणि सगळ्यात उपयोगी पडली ती गुडघ्याच्या वरपर्यंतची, बाजूला चिरा असलेली सुती कुर्ती, उल्हासनगरला मावसबहिणीबरोबर गेले होते तेव्हा साडेतीनशेत घेतलेली, म्हणजे ॲथलेजरमध्ये ती मुळात येतच नाही. पण नेव्ही पँटवर ती कुर्ती आणि खाली स्पोर्ट्स शूज हे माझं आत्ताचं सगळ्यात ठरलेलं कॉम्बिनेशन आहे. संध्याकाळी सासूबाईंनी फोन करून "येता येता गणपतीला ये, मी देवळात आहे" म्हटलं तरी तशीच फडके रोडला गणपतीच्या देवळात जाता येतं, कोणी वरपासून खालपर्यंत बघत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला सगळे नटूनथटून जमतात, तेव्हा मात्र साडीच, तिथे तडजोड नाही.

जॅकेट चांगलं होतं. होतं, कारण मीच माती केली. इस्त्रीच्या गाठोड्यात चुकून गेलं आणि सुती शर्टांबरोबर त्याच गरम इस्त्रीखाली आलं. सुती कपड्याची इस्त्री दोनशे अंशांच्या आसपास तापलेली असते, पॉलिस्टर वितळायला अडीचशे लागतात पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं, त्यामुळे पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत त्रिकोण उमटलाय. भैयाची चूक नाही, गाठोडं मी बांधलं होतं. घालते अजून, पाठ भिंतीला लावून.

बुटांबद्दल थोडक्यात. पांढरे स्नीकर घेणं हा मूर्खपणा होता, तीन आठवड्यांत पिवळट. जाळीचे काळे बूट मेपर्यंत उत्तम, पावसात सरळ कपाटात, जूनपासून रबरी सॅंडल.

एक गोष्ट राहिली, साईझची. माझी उंची पाच फूट दोन, कंबर बत्तीस, आणि या सगळ्या पँट लांबीला दोन-अडीच इंच जास्तच येतात. नेव्ही पँट कोपऱ्यावरच्या टेलरकडून ऐंशी रुपयांत कमी करून घेतली, काही प्रॉब्लेम नाही. त्याच जोरावर या तेरांनंतर घेतलेली दुसरी लेगिंग पण त्यालाच दिली, त्याने साध्या दोऱ्याने साधी सरळ शिलाई मारून दिली, आणि पहिल्याच दिवशी लोकलच्या पायरीवर पाय टाकला तेव्हा कापड ताणलं गेलं, दोरा नाही ताणला, कट्कट् करत अर्धी शिलाई गेली आणि दिवसभर ऑफिसात एक पाय दुमडून बसले. ताणणाऱ्या कपड्याला झिगझॅग शिलाई मारून द्या म्हणून सांगायचं असतं, आणि होजियरीची वेगळी सुई असते ती त्याच्याकडे आहे का हेही आधीच विचारायचं. आमच्या कोपऱ्यावरच्याकडे नाही. स्टेशनजवळच्या जिन्याखाली जो बसतो त्याच्याकडे आहे, तो एकशेवीस घेतो.