स्पितीला कुठून चढायचं: किन्नौरकडून की कुंझुमकडून?

आमच्या सुदामानगरात उन्हाळा लागला की कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. इंदूरहून आपलीच गाडी काढायची, तर हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात शिमला-किन्नौरवरून जावं की मनालीहून कुंझुम खिंडीतून? दोन्ही रस्ते मी चालवलेत. पहिल्यांदा जात असाल, तर किन्नौरकडूनच चढा.

गाडीचं नंतर बघू, आधी अंगाचं. इंदूर साधारण ५५० मीटरवर. मनाली दोन हजारांवर, आणि तिथून सकाळी निघालात की त्याच दिवशी साडेचार हजारांपलीकडे कुंझुमवर. डोकं ठणकतं, मळमळतं, आणि नेमका तोच माणूस स्टिअरिंगवर असतो. किन्नौरचा रस्ता सतलजच्या काठाकाठाने सावकाश चढतो. रामपूर, कल्पा, नाको असे मुक्काम केले की अंग आपोआप रुळतं. वाटेत खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, पुढे ताबोचा सन ९९६ मधला मठ लागतो. पावसाळ्यात दरडी मात्र कोसळतात. एक दिवस हाताशी जादा ठेवा.

मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जायचं असेल, तर प्रश्न तिथेच मिटला. कुंझुम बहुधा जूनमध्ये उघडतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर बर्फाने बंद होतो. किन्नौरची वाट जवळजवळ वर्षभर चालू असते.

आता कुंझुमचं. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग खिंड चढायची गरज उरली नाही, पण खरी परीक्षा ग्राम्फूनंतर, म्हणजे जिथून काझाचा रस्ता फुटतो त्या फाट्यानंतर. मी गेलो तेव्हा कुंझुमच्या पायथ्याच्या बातलपर्यंत डांबर असं नव्हतंच. चंद्रा नदीच्या कडेने नुसते दगडगोटे, आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. सकाळी पोटरीभर असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळलं की गुडघ्यावर येतं. छत्रूच्या पुढे अडीच वाजता अशाच एका नाल्यापाशी आम्ही अडकलो, ती भीती अजून विसरलेलो नाही. पाण्यात शिरण्याआधी समोरचा ट्रक कुठून जातो ते नीट बघा. पहिला गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर, आणि मध्येच क्लच दाबायचा नाही. उतारावर, आपल्या इंदूरजवळच्या जाम गेट घाटातून मंडलेश्वरकडे उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी धरतो, तशीच धरायची. नुसत्या ब्रेकवर सोडली तर ब्रेक तापून बसतात. कुंझुमच्या बाजूने जाणार असाल तर टाकी मनालीतच भरा, पुढचा पंप थेट स्पितीतल्या काझा गावात.

गाडीची चेसिस खाली असेल, तर परतही किन्नौरनेच या. उंच गाडी असेल, तर परतीला कुंझुम जरूर घ्या. तोवर अंग रुळलेलं असतं, आणि ती वाट सोडवत नाही इतकी सुंदर आहे. आदल्या रात्री कुंझुमच्या अलीकडे, स्पितीच्या बाजूच्या लोसरला मुक्काम करून उजाडता निघा. माथ्यावर कुंझुम देवीच्या देवळाला सगळेच गाडीने प्रदक्षिणा घालतात, तुम्हीही घाला. मग छत्रूकडचे नाले ऊन तापायच्या आत ओलांडून होतात.