पीआरवर प्लॅन कोण टाकणार: कोडओनर्स, गिटहब ॲक्शन्स की ॲटलांटिस?

पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, कोडमधला बदल इतरांपुढे मंजुरीसाठी ठेवणं. अशाच एका पीआरमध्ये डेटाबेसच्या टेराफॉर्म फाइलमध्ये (टेराफॉर्म म्हणजे क्लाउडमधले सर्व्हर, डेटाबेस फाइलमध्ये लिहून उभे करायचं साधन) एकच ओळ बदललेली: स्टोरेज एन्क्रिप्टेड ही सेटिंग आधी फॉल्स होती, आता ट्रू. रिव्ह्यू करणारा म्हणतो, चांगलंच की, आणि अप्रूव्ह करून मोकळा होतो. प्लॅन (प्रत्यक्षात काय काय बदलेल याची टेराफॉर्मने दिलेली यादी) चालवला की मात्र त्या आरडीएस (ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या) डेटाबेसपुढे -/+ उमटतं. म्हणजे आहे तो पाडायचा आणि त्या जागी नवाकोरा, रिकामा उभा करायचा. डिफमध्ये, म्हणजे फाइलच्या बदललेल्या ओळींमध्ये, याचा मागमूसही नाही. म्हणून तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारतो: हे -/+ अप्रूव्ह करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतं का?

कोडओनर्स फाइलने (कुठली फाइल बदलली की कुणाचा रिव्ह्यू हवा याची यादी) येत नाही. 2017 पासून गिटहबवर असलेली ही सोय दहा मिनिटांत लागते, योग्य माणसाला रिव्ह्यूला ओढते, पण त्याला दिसतो तोच डिफ. शिवाय त्या यादीतला शेवटी जुळणारा नियमच चालतो. कुणी तळाशी सरसकट तारांकन (*, म्हणजे सगळ्याच फाइल्स) टाकलं की वरचा इन्फ्राच्या फाइल्सचा नियम गेला.

गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर आपोआप कामं चालवायची सोय) प्लॅन चालवून त्याची पीआरवर कमेंट टाकणं हा मधला मार्ग, आणि बहुतेकांना पुरेसा. दोन गोष्टी आधीच करून ठेवा. दर पुशला (पीआरमध्ये नवा कोड चढवला की) नवी कमेंट टाकू नका, जुनीच बदला. नाहीतर चौथ्या पुशनंतर कुणी वाचत नाही. आणि कमेंटला 65,536 अक्षरांची मर्यादा आहे, मोठा प्लॅन त्यात मावतच नाही. त्यामुळे पाडापाडीच्या ओळी सगळ्यात वर, बाकीचा पसारा जॉबच्या लॉगमध्ये. प्लॅनच्या कमांडला डिटेल्ड एक्झिटकोडचा फ्लॅग लावला की बदल असताना ती 2 हा आकडा परत देते, काहीच नसेल तर 0. शून्य आला की कमेंट न टाकता गप्प बसायचं.

ॲटलांटिस हे पीआरवरून टेराफॉर्म चालवणारं साधन मुळात हूटसूट या कंपनीत 2017 साली जन्मलं. ते तुमच्याच सर्व्हरवर चालतं, पीआर उघडला की प्लॅन टाकतं, आणि अप्लायसुद्धा (प्लॅनमधले बदल प्रत्यक्षात करणं) कमेंटमधूनच होतो. त्याची खरी किंमत लॉकमध्ये आहे: एका पीआरने प्लॅन केला की ती डिरेक्टरी आणि वर्कस्पेस (टेराफॉर्मची वेगळी ठेवलेली आवृत्ती) तो मर्ज होईपर्यंत दुसऱ्या पीआरला बंद. दोघांनी एकाच स्टेटवर (काय काय उभं आहे याची टेराफॉर्मची नोंद) हात घालण्याची भीती उरत नाही. (पीआर उघडा ठेवून कुणी दिवाळीला गावी गेला, की अनलॉकची कमेंट टाकायची वेळ येते ती वेगळी.)

पण तो सर्व्हर सांभाळायचा तुम्ही, आणि क्लाउडच्या सगळ्या चाव्या त्याच्याकडे. मूळ सेटिंगमध्ये अप्रूव्हल नसतानाही अप्लाय चालतो. अप्रूव्ह्ड (मंजुरी मिळालेला) आणि मर्जेबल (मर्ज करण्याजोगा) पीआर असेल तरच, या अटी आपण घालायच्या. सार्वजनिक रिपॉझिटरीला तर जोडूच नका: प्लॅनच्या टप्प्यातही परका कोड चालू शकतो.

चार-पाच जणांची टीम असेल तर मी कोडओनर्स आणि ॲक्शन्स एकत्र लावीन. एकाच स्टेटवर दोन पीआर वारंवार आदळायला लागले की मग ॲटलांटिस. स्लॅकवर सूचना हवीच असेल तर फक्त पाडापाडीची पाठवा. प्रत्येक टॅग बदलल्याची बातमी देणारा चॅनल पंधरवड्यात म्यूट होतो.