आयपीसची पेटी: हिवाळा, कूलर आणि पावसाळा काढल्यानंतर

मागच्या दिवाळीनंतर आयपीससाठी, म्हणजे दुर्बिणीत डोळा लावायच्या जागी बसवायच्या बदलत्या भिंगांसाठी, कडक प्लास्टिकची, रबरी सीलवाली पेटी घेतली. आत तोडून घ्यायचा फोम, समोर दोन क्लिपा, बाजूला आतला दाब सोडायचं छोटं बटण. किंमत पाच हजारांच्या आत. आता पोळ्यानंतरची मारबतही निघून गेली, म्हणजे नागपूरचे तिन्ही ऋतू या पेटीने पाहिले आहेत. धुळीपासून आणि आदळआपटीपासून ती छान सांभाळते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आपल्याकडे आयपीसला धक्क्यापेक्षा ओलीची धास्ती जास्त, आणि तिथे नुसती पेटी घेऊन भागत नाही. हवाबंद पेटीत बाहेरची ओल शिरत नाही, तशी आत कोंडलेली ओल बाहेरही पडत नाही. घेण्याआधी एवढं पक्कं डोक्यात ठेवा.

माझी दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, नाभीय अंतर १२०० मिमी. त्याला आयपीसच्या नाभीय अंतराने भागलं की किती पट मोठं दिसेल ते कळतं. पेटीत ३० मिमीचा दोन इंची आयपीस आहे, बाकी २५, १५, १० आणि ६ मिमीचे सव्वा इंची. शिवाय पट दुप्पट करणारं जोडभिंग म्हणजे बार्लो, चंद्राचा झगमगाट कमी करणारा मून फिल्टर, तेजोमेघ उठून दिसण्यासाठी यूएचसी फिल्टर आणि आरसे जुळवायचा चेशायर. म्हणजे बार्लो न लावताही ४० पटीपासून २०० पटीपर्यंतचा सगळा संसार एका हातात उचलता येतो.

फोमवर मात्र सावकाश वेळ द्या. तो आधीच छोट्या चौकोनांत चिरलेला येतो, आपल्याला हवे तेवढे चौकोन उपटायचे. दोन खळग्यांच्या मध्ये निदान दोन ओळी तरी सोडाव्यात. एकाच ओळीची भिंत थोड्याच दिवसांत फाटते आणि दोन आयपीस एकमेकांवर आदळू लागतात. खळगा आयपीसपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहानच ठेवावा, म्हणजे फोम त्याला नीट धरून ठेवतो. आयपीस उभे ठेवले तर जागा वाचते आणि वरून पाहताच कोणता कुठे ते कळतं. दोन इंची वजनदार आयपीस आणि बार्लो मी बिजागरीच्या बाजूला ठेवले. मूठ धरून पेटी उचलली की बिजागरीची बाजू खाली जाते. जड सामान खाली राहिल्यामुळे पेटी हातात डोलत नाही आणि जमिनीवर उभी ठेवली तरी कलत नाही.

उपटलेल्या कडांमधून बारीक काळा भुगा सुटतो. तो काचेवर बसला की पुसायचा मोह होतो, आणि काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडे पडतात ते अशा कोरड्या पुसण्यानेच. म्हणून सगळे खळगे आधी व्हॅक्युम क्लीनरने ओढून घ्यावेत, नंतर चिकटपट्टी दाबून उचलावी. काचेवर काही दिसलंच तर आधी रबरी फुग्याने हवा मारावी. कापडाची पाळी सगळ्यांत शेवटी.

अंधारात ही पेटी वापरणं हा वेगळाच विषय आहे. फोम काळा, आयपीस काळे, टोपणंही काळी. पेंचमधल्या सिल्लारीकडे गेलं तर हात समोर धरला तरी दिसत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तिथला अंधार खरोखर त्या तोडीचा आहे. म्हणून मी खळगे नाभीय अंतराच्या क्रमाने लावले आहेत. डावीकडे ३० मिमी, उजवीकडे ६. आकाश बघतानाही आपण कमी पटीपासून सुरुवात करून वाढवत जातो, त्यामुळे हात आपोआप डावीकडून उजवीकडे सरकतो. प्रत्येक टोपणावर पांढऱ्या पेंट मार्करने आकडा लिहिला आहे. पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर लाल मार्करने लिहू नका, अंधाराला सरावलेली नजर बिघडू नये म्हणून आपण लाल टॉर्च वापरतो आणि त्यात ती लाल अक्षरं दिसेनाशी होतात. आयपीस काढला की त्याची दोन्ही टोपणं त्याच्याच खळग्यात टाकायची. आवरताना खळग्यात टोपण दिसलं म्हणजे तो आयपीस अजून दुर्बिणीच्या फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या नळीत) किंवा कुणाच्या तरी खिशात आहे. गवतात टोपणं शोधत बसणं या एका सवयीने बंद झालं.

आता ओलीकडे येतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, नागपूरचा उन्हाळा म्हणजे कोरडा ठणठणीत. बाहेर तो तसा असतोच. पण घरात एप्रिलपासून कूलर चालतो. भिजलेल्या वाळ्यातून येणारी हवा खोलीत थेट ओल आणते. नवतपाच्या दिवसांत मी छोटा डिजिटल आर्द्रतामापक कूलरच्या खोलीत ठेवून पाहिला, आकडा साठीच्या पुढे. त्याच वेळी कूलर नसलेल्या मागच्या खोलीत तिशीच्या आत. काचेवर बुरशी धरायला साधारण ६५-७० टक्क्यांच्या पुढची आर्द्रता, अंधार आणि बंद हवा पुरते. बुरशीचे धागे एकदा लेप खाऊ लागले की धागे पुसून निघतात, व्रण मात्र राहतो. आमच्या गटातल्या एका काकांचा चांगला आयपीस असाच गेला. आकाशदर्शनाची वस्तू म्हणून त्यांनी तो जपून कपाटात ठेवला होता, आणि कपाट नेमकं कूलरच्या समोर.

म्हणून आर्द्रतामापक पेटीतच ठेवला आहे. सोबत नारिंगी सिलिका जेलच्या दोन कापडी पुड्या. ओल शोषली की हे दाणे हिरवट होतात, मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा नारिंगी. निळे दाणे मी घेत नाही, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि माझा ओव्हन स्वयंपाकघरातला आहे. उन्हाळ्यात पुड्या बरेच दिवस टिकल्या. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतला आकडा ऐंशीच्या वर असताना पेटी उघडली की पुड्या भराभर हिरव्या व्हायच्या. पावसाळ्यात आकाश असंही दिसत नाही, तेव्हा पेटी विनाकारण उघडू नये. सील नीट बसलं असेल तर आतला आकडा चाळिशीच्या आसपास राहतो. माझ्या पेटीत राहिला, आणि एवढ्यासाठी तिला पूर्ण गुण.

हिवाळ्यातला त्रास दवाचा. डिसेंबरात खिंडसी तलावाच्या काठावर मध्यरात्रीनंतर सगळ्यावर पाणी चढतं. घरी परतताना पेटी थंडीतच बंद करायची आणि उबदार खोलीत आणल्यावर लगेच उघडायची नाही. उबदार हवेतलं पाणी मग पेटीच्या बाहेरच्या अंगावर बसतं, काचेवर बसत नाही. दोन-तीन तासांनी पेटी खोलीच्या तापमानाला आली की उघडून सगळी टोपणं काढायची आणि आयपीस सुती कापडावर उघडे वाळवायचे. ही शेवटची पायरी कंटाळा करून सोडू नका. रात्री आयपीसवर बसलेलं दव तसंच पेटीत कोंडलं तर तिथे बुरशीला आपणच घर करून दिलं असं होतं.

दाब सोडायच्या बटणाचं आधी मला महत्त्व वाटलं नव्हतं. पण दुपारी गरम घरात बंद केलेली पेटी रात्री थंडीत नेली की आतली हवा आकसते आणि झाकण असं घट्ट बसतं की क्लिपा उघडूनही हलत नाही. बटण फिरवलं की सूं करून हवा आत शिरते आणि झाकण मोकळं होतं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. एक क्लिप थंडीत फार ताठ होते, हातमोजे घालून उघडत नाही. फोम काही महिन्यांत दबला, सगळ्यांत जड आयपीसचा खळगा सैल झाला. शिवाय हा फोम ओल धरून ठेवतो. मी त्या भागातला फोम काढून त्याजागी ईव्हीएची, म्हणजे रबरासारख्या घट्ट फोमची, जाड शीट बसवली. त्याच्या पेशी बंद असतात, पाणी शोषत नाही आणि कड स्वच्छ कापली जाते, भुगाही सुटत नाही. पुढे सगळाच फोम असा बदलणार आहे. पेटीचा रंग काळा, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ती कधीही सोडायची नाही. बॅटऱ्या मी आत ठेवत नाही, गळल्या तर फोमसकट सगळं खराब. नट आवळायचे पाने आणि छोटे स्क्रू झाकणातल्या जाळीत एका चेनच्या पाकिटात असतात.

दोनच आयपीस असतील तर एवढा खर्च करायची गरज नाही. स्क्रूच्या झाकणाच्या प्लास्टिक नळ्या मिळतात, एका नळीत एक आयपीस बसतो. त्या नळ्या आणि सिलिका जेलची एक पुडी रबरी कडेच्या हवाबंद डब्यात टाकली की काम झालं. डबा फक्त कूलरच्या खोलीत ठेवू नका.