मॉस बॉल, विदर्भातला मे महिना आणि मातीची नांद : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीच्या खरेदीसाठी नागपूरला गेलो असता सीताबर्डीतील एका दुकानातून मी तीन मॉस बॉल, म्हणजे माशांच्या टाकीत शोभेसाठी ठेवायचे हिरवे जिवंत गोळे, आणले. प्रत्येकी २५० रुपये पडले. दुकानदाराने पाणी भरलेल्या पिशवीत ते बांधून दिले आणि ‘याला काहीच करावे लागत नाही’ असे सांगितले. आमचे गाव भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आहे, आजूबाजूला मामा तलाव (मालगुजारांच्या काळातले सिंचनाचे तलाव) आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आहेत, त्यामुळे पिशवीतील हिरवे गोळे पाहून माझ्या आईची पहिली प्रतिक्रिया अशी होती : “का गा बाबू, शेवार इकत आनलास? आपल्या बोडीत तं ढीगभर पडला आहे.” शेवार म्हणजे शेवाळ आणि बोडी म्हणजे शेतातले लहान तळे. चौदा महिन्यांनंतर मला असे म्हणावे लागते की दुकानदाराचे विधान चुकीचे होते आणि आईचे बरेचसे बरोबर होते.

बरोबर अशासाठी की मॉस बॉल हे मॉस, म्हणजे बारीक पानांची ओलाव्यात वाढणारी वनस्पती, नव्हेच. ते खरोखरच शेवाळ आहे, तंतुमय हिरवे शेवाळ, शास्त्रीय नाव ‘एगाग्रोपिला लिनेई’. जपानी लोक त्याला ‘मारिमो’ म्हणतात. हे नाव १८९८ साली ताकिया कावाकामी या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. होक्काइडो बेटावरील आकान सरोवरात या शेवाळाचे गोळे वीस-तीस सेंटिमीटर व्यासापर्यंत वाढतात. जपानने १९२१ साली त्यांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला आणि १९५२ साली तो आणखी वरचा केला. आइसलंडमधील म्यिवात्न सरोवरातही ते असत. ही दोन्ही ठिकाणे थंड प्रदेशातील आहेत, आणि माझ्या सगळ्या अनुभवाचे मूळ याच एका गोष्टीत आहे. सरोवराच्या तळाशी लाटांच्या हालचालीने हे शेवाळ इकडून तिकडे लोळत राहते, म्हणून सर्व बाजूंना सारखा उजेड मिळून ते गोल राहते. त्याला मधोमध बी नसते, खोड नसते, मूळ तर नसतेच. आपल्या बोडीतील शेवाळ हे त्याचे लांबचे नातेवाईक म्हणता येईल, पण बोडीतले शेवाळ मे महिन्यात तापलेल्या पाण्यातही माजते आणि हे त्याच महिन्यात मरणाला टेकते.

पहिले चार महिने फारशी अडचण आली नाही, हे आधी नोंदवतो. दोन फुटांची काचेची टाकी, तळाशी नदीची धुतलेली वाळू, आठ-दहा गप्पी मासे आणि हे तीन गोळे. गप्पी आरोग्य उपकेंद्रातून डासांच्या अळ्या खाण्यासाठी म्हणून मिळाले होते. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो; त्या दिवसांत टाकीचे पाणी १७-१८ अंशांवर असे आणि गोळ्यांचा रंग असा गर्द दिसे की पाहुणे हात लावून पाहत. सकाळी खिडकीतून उजेड आला की एखादा गोळा बारीक बुडबुड्यांनी चमकू लागे आणि दहा-साडेदहाच्या सुमारास तळ सोडून हळूच वर येई. शेवाळ प्रकाशसंश्लेषण करताना सोडत असलेला प्राणवायू तंतूंमध्ये अडकतो आणि त्याच्या बळावर गोळा तरंगतो. संध्याकाळी तो परत बसतो. शाळेत विज्ञान शिकवताना हा धडा मी फळ्यावर अनेकदा काढला आहे, पण सातवीच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवला तो याच वर्षी.

तिसऱ्या गोळ्याबाबत मात्र माझी फसवणूक झाली होती. तो कधीच तरंगत नसे आणि बुडबुडेही धरत नसे. फेब्रुवारीत पाणी बदलताना तो हातात घेऊन हलकेच दाबला, तेव्हा स्पंजासारखा दबण्याऐवजी आत काहीतरी टणक लागले. ब्लेडने चिरल्यावर आतून प्लास्टिकचा चेंडू निघाला; त्यावर जावा मॉसचे तुकडे नायलॉनच्या बारीक दोऱ्याने गुंडाळलेले होते. जावा मॉस ही वनस्पती वाईट नाही, उलट उष्ण पाण्यात ती याहून बरी टिकते, पण मी पैसे दिले होते ते दुसऱ्याच वस्तूचे. दुकानात फोन केला असता ‘सगळे असेच येतात’ असे उत्तर मिळाले. विकत घेताना ओळखण्याची सोपी खूण अशी : खरा गोळा पाण्यात हळूच पिळला तर आतपर्यंत मऊ लागतो, सोडल्यावर फुगतो, आणि पृष्ठभागावर मखमलीसारखे आखूड तंतू सर्वत्र सारखे दिसतात, पाने किंवा फांद्या दिसल्या तर तो मारिमो नव्हे. खरा गोळा चिरला तर आतूनही हिरवाच निघतो, हे मला पुढे एका वाईट प्रसंगातून कळले.

तो प्रसंग एप्रिलचा. होळीनंतर घरातील टाकीचे पाणी दिवसागणिक तापू लागले. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापकाने मी रोज दुपारी तीन वाजता नोंद करीत होतो : मार्चअखेर २९, एप्रिलच्या मध्यावर ३२, आणि शेवटच्या आठवड्यात साडेचौतीस अंश. कुठल्याही माहितीपत्रकात या शेवाळाला २५ अंशांच्या आतले पाणी मानवते असेच लिहिलेले असते. प्रथम मी सर्वांना सुचतो तो उपाय केला, म्हणजे फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत सोडली. दोन तासांत पारा ३४ वरून २६ वर आला, बर्फ विरघळला आणि संध्याकाळपर्यंत परत ३३ झाला. गोळ्यांना या चढउताराचे काय वाटले ते लगेच दिसले नाही, पण दोन दिवसांत चार गप्पी पोट वर करून तरंगत होते. त्यातच दुपारी वीज गेली की फ्रीजचाही भरवसा नाही. बाटलीचा हा उद्योग मी आठवडाभरात बंद केला आणि कोणालाही सुचवणार नाही.

तोपर्यंत दोनपैकी लहान गोळ्याची एक बाजू तपकिरी झाली होती. तो उचलला तेव्हा बोटांना बुळबुळीत लागला आणि भिजून राहिलेल्या तणसाला येतो तसा कुजका वास आला. निरोगी गोळ्याला वास नसतो. असलाच तर पावसाळी मातीसारखा सौम्य. मी तो काचेच्या ताटलीत ठेवून तपकिरी भाग नव्या ब्लेडने कापून काढत गेलो. कापता कापता निम्म्याहून अधिक गेला. उरलेल्या भागाचा आतला गाभा मात्र पोपटी-हिरवा होता, जणू उजेडाची वाट पाहत थांबलेला. आतल्या तंतूंमधील हरितद्रव्य अंधारात सुप्त राहते आणि उजेडात आले की पुन्हा कामाला लागते, म्हणूनच गोळा फाटला तरी तुकड्यातून नवा गोळा होऊ शकतो. मी तो तुकडा स्वच्छ पाण्यात धुतला, लाडू वळतात तसा तळहातांमध्ये वळला आणि पांढऱ्या सुती दोऱ्याने सैलसर गुंडाळला. आकार झाला एका लिंबाएवढा. नायलॉन न वापरता सुती दोरा वापरण्याचे कारण इतकेच की काही महिन्यांत तो आपोआप कुजून जातो.

मग आली नांद, आणि हा सारा मजकूर लिहिण्याचे खरे निमित्त तीच आहे. आमच्या घरी म्हशीला पाणी पाजण्याची एक जुनी, रुंद तोंडाची मातीची नांद पडून होती. आईनेच सुचवले की माठातले पाणी थंड राहते तर शेवाळ का राहू नये. नांद दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवली, पडवीत उत्तरेच्या भिंतीशी ओल्या वाळूच्या थरावर बसवली, त्यात वीस लिटर पाणी भरले आणि दोन्ही गोळे सोडले. वर पातळ पांढऱ्या धोतराचा तुकडा ताणून बांधला. कापडाने दोन कामे झाली : ऊन गाळून मंद उजेड आत गेला, आणि डासांना अंडी घालता आली नाहीत. हे दुसरे काम किरकोळ समजू नये. उघड्या साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात अळ्या होतात, आणि ज्या गावात डेंग्यूसाठी दर आठवड्याला कोरडा दिवस पाळला जातो तिथे शोभेसाठी डास पोसणे योग्य नव्हे. नांदेत मी मुद्दामच मासे सोडले नव्हते.

परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. पडवीत ४१ अंश असताना नांदेतील पाणी २६ ते २७ च्या दरम्यान होते, आणि मे महिन्याच्या सर्वांत वाईट आठवड्यातही ते २८ च्या वर गेले नाही. कोरड्या हवेत मातीच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाहेर वाफ होऊन उडते आणि उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपल्या उन्हाळ्याची हवा जितकी कोरडी तितके हे काम जोरात चालते. २७ अंश या शेवाळाला आवडणारे नाहीत, पण सोसणारे आहेत, असे मी अनुभवाने म्हणतो. वाढ जवळजवळ थांबली, रंग किंचित फिकटला, तपकिरी डाग मात्र पुन्हा आला नाही.

नांदेचे तोटेही सांगितले पाहिजेत. रोज दीड-दोन लिटर पाणी उडून जाई आणि तेवढे भरावे लागे. पाणी उडते पण त्यातील क्षार उडत नाहीत, त्यामुळे बोअरवेलचे जड पाणी वापरल्यास ते दिवसेंदिवस अधिक जड होत जाते. पंधरा दिवसांत नांदेच्या बाहेरून मिठासारखा पांढरा थर धरला आणि मोठ्या गोळ्याच्या तंतूंवरही बारीक खरखर जाणवू लागली. त्यानंतर मी दर चौथ्या दिवशी निम्मे पाणी बदलू लागलो आणि शक्यतो विहिरीचे, उकळून निवविलेले पाणी वापरले. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वापरायचे असेल तर ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे, कारण त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असते; ती टाकलेल्या दिवशी वासावरूनच कळते. सर्वांत मोठी मर्यादा अशी की ही युक्ती पावसाळ्यात चालत नाही. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नांदेतील पाणी २९ आणि काचेच्या टाकीतील ३० असे झाल्यावर मी दोन्ही गोळे परत घरात आणले. त्या दिवसांत हवाच तिशीच्या आसपास असल्याने निभावले.

देखभालीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दर दोन आठवड्यांनी गोळा पाण्याच्या बादलीत हळूच पिळून आतला गाळ काढावा आणि ठेवताना बाजू फिरवावी, कारण तळाला टेकलेली बाजू चपटी होते आणि काळवंडते. थेट ऊन लागल्यास गोळा पांढरट पडतो. माझ्याकडे डिसेंबरात पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवल्यावर एका कडेला असे झाले होते आणि सावलीत नेल्यावर दीड महिन्यात ते भरून आले. फिल्टर नसला तरी चालते, आणि आमच्यासारख्या ठिकाणी जिथे वीज येते-जाते तिथे हा मोठाच गुण आहे. गोल्डफिश मात्र सोबत ठेवू नये. शेजाऱ्यांनी सुट्टीपुरते दोन गोल्डफिश माझ्याकडे दिले होते, त्यांनी एका रात्रीत मोठ्या गोळ्याचे तंतू उपटून टाकीभर केले. माशांच्या रोगांवरील काही औषधांत तांबे असते, तेही शेवाळाला घातक आहे. औषध टाकण्याआधी गोळा दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावा.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगेन. गोळा मेला किंवा नकोसा झाला तर तो बोडीत, नाल्यात किंवा तलावात टाकू नये. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील दुकानांत विकल्या जाणाऱ्या मॉस बॉलमध्ये झेब्रा शिंपले सापडले होते, जे एकदा जलाशयात शिरले की नळ आणि कालवे तुंबवतात. तिथल्या शासनाने लोकांना गोळे गोठवून किंवा उकळून नष्ट करण्यास सांगितले. आपल्याकडे येणारा मालही बहुधा कुठल्या ना कुठल्या परदेशी तळ्यातूनच येत असावा. मामा तलावांवर आमच्याकडे धानाचे सिंचन आणि ढिवर समाजाची मासेमारी दोन्ही अवलंबून आहे. २५० रुपयांच्या हौसेपायी त्यात काही सोडणे मला परवडणारे नाही. माझ्या लहान गोळ्याचे कापलेले तपकिरी तुकडे मी दहा मिनिटे उकळले आणि मग खताच्या खड्ड्यात टाकले. नवीन गोळाही टाकीत घालण्याआधी दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून त्यातून काही किडे वा गोगलगायी निघतात का, ते पाहावे.

वाढीविषयी अपेक्षा कमी ठेवाव्यात. अनुकूल थंड पाण्यातसुद्धा हे शेवाळ वर्षाला व्यासात साधारण पाच मिलिमीटर वाढते. मी मोठ्या गोळ्याचा घेर दोऱ्याने मोजून ठेवला होता : आणला तेव्हा १४.२ सेंटिमीटर, आज १४.९. म्हणजे व्यासात दोन मिलिमीटरांहून थोडी अधिक वाढ, तीही बहुतेक दोन हिवाळ्यांतली. लिंबाएवढ्या तुकड्यावरचा सुती दोरा ऑक्टोबरात गळून पडला. तो अजून पुरता गोल नाही, एका अंगाला किंचित बसका आहे. मुलांनी त्याचे नाव ‘बटाटा’ ठेवले आहे. खर्च एकूण ७५० रुपयांचा झाला, त्यातील २५० प्लास्टिकच्या चेंडूवर गेले. पुन्हा घेईन का, तर हो, पण नोव्हेंबरात, हातात दाबून पाहून, आणि नांद आधी तयार ठेवून. ज्यांच्या घरी पडवी नाही, सावलीची जागा नाही किंवा उन्हाळ्यात महिनाभर बाहेरगावी जाणे होते, त्यांनी ही हौस करू नये. त्यांच्यासाठी जावा मॉस पुरेसे आहे. या आठवड्यात पहाटेचा पारा अकरावर आला आहे आणि मोठा गोळा रोज सकाळी परत तरंगू लागला आहे. बटाट्याने अजून तळ सोडलेला नाही.