सब्लाइम्ड सी-६० पावडर, १ ग्रॅम: दुप्पट पैसे, पण घ्याच

सी-६० म्हणजे साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ रेणू, फुलरिन कुटुंबातला. सब्लाइम्ड म्हणजे तापवून थेट वाफ करून, ती पुन्हा गोठवून शुद्ध केलेला. आधी आम्ही साधी ९९.५ टक्केवाली बाटली वापरायचो. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण माझे चार महिने त्या बाटलीने खाल्ले. कोबाल्टच्या फिल्मवर सी-६० चढवायचं आणि कोएर्सिव्हिटी (चुंबकत्वाची दिशा उलटवायला लागणारं क्षेत्र) किती बदलते ते बघायचं, एवढंच काम. सोमवारच्या सॅम्पलमध्ये ती चांगली वाढलेली, गुरुवारच्यात जेमतेम हललेली. जाडी तीच, तापमान तेच. मला वाटायचं, माझाच हात चुकतोय.

शेवटी सेल, म्हणजे निर्वातात पावडरची वाफ करायची कुपी, तापवताना मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) लावून बसले. दीडशे अंशांच्या आसपास प्रेशर दहाच्या मायनस नाइन घातावरून थेट मायनस सेव्हनवर, म्हणजे शंभरपट, आणि वस्तुमान ९१ वर उंच सुळका. टोल्युइन! सी-६० शुद्ध करताना ते टोल्युइनमध्ये विरघळवतात, तेच दाण्यांत अडकून राहिलेलं. लेबलवरची टक्केवारी एचपीएलसीची (द्रावणातले घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीची) असते, म्हणजे फुलरिनांमध्ये सी-६० किती एवढंच ती सांगते. सॉल्व्हंट तिच्यात धरलेलाच नसतो. हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

द्रावणातून थर देणाऱ्यांना याचा फारसा त्रास नाही. आमच्याकडे सगळा खेळ पहिल्या थराचा. धातूचे डी-इलेक्ट्रॉन आणि रेणूचे पाय-इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळतात ते धातूला चिकटलेल्या रेणूंपाशीच, जेमतेम नॅनोमीटरभर पट्ट्यात. २०१५ मध्ये लीड्सच्या गटाने तांब्यासारखा चुंबक नसलेला धातू सी-६० च्या सान्निध्यात खोलीच्या तापमानाला चुंबकीय करून दाखवला, तो याच सीमेच्या जोरावर. तिथे मध्ये घाण आली की संपलं.

नवी बाटली तपकिरी काचेची, आर्गॉनमध्ये सीलबंद. आतली पावडर काळी, दाणेदार, दिव्याखाली चमकणारी. रात्रभर २५० अंशांवर डिगॅस केली, म्हणजे तापवून अडकलेले वायू काढून टाकले, सकाळी ९१ चा सुळका जवळपास गायब. ४०० च्या आसपास थर एकसारखा चढतो, थर किती वेगाने चढतोय ते मोजणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलचा आकडा डुलत नाही. सलग तीन सॅम्पलचे हिस्टेरिसिस लूप (ज्यांवरून कोएर्सिव्हिटी वाचतात ते चुंबकत्वाचे आलेख) एकावर एक बसले. तिसरा बसला तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते, आणि डोळे भरून आले.

तक्रार एकच: सोबतच्या सर्टिफिकेटवर लोखंड आणि निकेलचे अंश दिलेले नाहीत. चुंबकीय मोजमाप करणाऱ्याला पहिल्यांदा तेच हवं असतं. पावडर काढायला स्टीलचा स्पॅच्युला नको, सिरॅमिकचाच घ्या. आणि एकदम पाच ग्रॅम मागवू नका. आमच्या सेलला एका वेळी दोनशे मिलिग्रॅम पुरतात.