२६ सांगितलं, २४ निघालं: गटिंगचा एक अनुभव

गेल्या महिन्यात बॅडमिंटनच्या एकाच रॅकेटचं दोनदा गटिंग, म्हणजे जाळी नव्याने विणून घेणं, करावं लागलं. पहिल्यांदा खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात, दुसऱ्यांदा कोथरूडच्या बाजूला घरीच मशीन टाकून बसलेल्या एका काकांकडे. रॅकेट तीच, गटही (जाळीची तार) दोन्ही वेळा योनेक्सची बीजी ६५. तरी हातात आलेल्या रॅकेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. आपल्याकडे रॅकेट घेताना लोक महिनाभर चौकशी करतात आणि गटिंगला मात्र "चोवीसला मारून द्या" (म्हणजे चोवीस पौंड ताणाला) एवढं सांगून निघतात, म्हणून हे नीट लिहिते आहे.

मी ४६ वर्षांची. रोज सकाळी तासभर डबल्स खेळते, आठवडाभर प्लॅस्टिकवर आणि रविवारी फेदरवर. आतापर्यंत २३-२४ च्या पुढे गेले नव्हते. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा २७ ला खेळतो, त्याच्या स्मॅशचा आवाज ऐकून या वेळी मी दुकानात २६ सांगितलं. वीस मिनिटांत रॅकेट हातात आली. दुसऱ्या दिवशी माझे टॉस (उंच, मागे मारलेले फटके) बॅकलाइनच्या चार फूट अलीकडे पडायला लागले आणि आठवडा संपायच्या आत कोपर दुखायला लागलं. टेन्शन वाढवलं की जोर वाढतो, हा समज अगदी घट्ट बसलेला आहे. प्रत्यक्षात घट्ट जाळी शटलला कमी फेकते. ती कंट्रोल देते, पण तेवढ्या वेगाने हात फिरत असेल तरच. शिवाय जाळीचा नेमका फेकणारा भाग लहान होतो, शटल जरा बाजूला लागलं की मेलंच.

मी भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे जाळीवर नखाने टकटक केली की कोणता सूर निघतो इकडे आपोआप कान जातो. रॅकेट घरी आणली त्या रात्री फोनवर सूर दाखवणारं ॲप लावलं, जाळीच्या मधोमध टिचकी मारली आणि आकडा लिहून ठेवला: १०९० हर्ट्झ. पाचव्या दिवशी तोच आकडा १०२५ वर आला होता. शुद्ध रे कोमल व्हावा एवढा उतार, थोडा जास्तच. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे सूर सहा टक्के उतरला तर ताण जवळजवळ बारा टक्के गेला. २६ धरलं तर पाच दिवसांत २३! नवी गट पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी सैल पडतेच, पण इतकी नाही.

बाराव्या दिवशी वरच्या बाजूला, फ्रेमला लागूनच, गट तुटली. बीजी ६५ सारखी ०.७० मिलिमीटरची दणकट गट बारा दिवसांत तुटते कशी? मी तिथेच कोर्टवर उरलेली जाळी मधून कापून टाकली. (हे सगळ्यांनी करा. एका बाजूचा ताण गेला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला की फ्रेम वाकडी होते.)

काकांनी रॅकेट हातात घेऊन आधी फ्रेमवर सगळीकडून बोट फिरवलं. वरच्या अंगाला थांबले आणि म्हणाले, "ताई, हे ग्रोमेट बघा, चिरलंय. गट कार्बनवर घासून कापली गेलीय." खरंच, प्लॅस्टिकची ती इवलीशी नळी उभी फुटली होती. नव्याकोऱ्या गटीच्या टोकाला घासल्याची काळी खूणही दिसत होती. दुकानात हे कोणी पाहिलंच नव्हतं. काकांनी ते ग्रोमेट बदललं, शेजारची दोनही बदलली.

मग मी त्यांना माझे आकडे सांगितले. ते हसले नाहीत. सामान मोजायचा डिजिटल हुककाटा काढला, एक टोक क्लॅम्पमध्ये (तार धरून ठेवणाऱ्या पकडीत) आणि दुसरं मशीनच्या ओढणाऱ्या टोकाला असा मध्ये अडकवला, आणि २४ लावून मशीन सुरू केलं. काट्यावर १०.९ किलो आले. चोवीस पौंड म्हणजे तेवढेच. त्यांचं मशीन इलेक्ट्रॉनिक आहे. गट ओढून झाल्यावर ती सैलावायला लागली की मशीन पुन्हा ओढतं, क्लॅम्प बसेपर्यंत ताण धरून ठेवतं. हाताने फिरवायचं मशीन ठरलेल्या ताणाला लॉक होतं आणि तिथून पुढे गट जेवढी सैलावेल तेवढी सैलावू देतं. त्या मशीनवर चांगला माणूस चांगलं काम करतो, पण त्याने मशीन वेळच्या वेळी तपासायला हवं.

उभ्या तारा २४, आडव्या २६, चार गाठी. आडव्या दोनने जास्त घेतल्या की फ्रेमचा आकार टिकतो, असं ते म्हणाले. दीड तास लागला. घरी येऊन टिचकी मारली: १०८५. आणि पाच दिवसांनी: १०६०.

म्हणजे दुकानातलं "२६" हे मुळात काकांच्या २४ एवढंच होतं आणि पाच दिवसांत ते त्यांच्या साडेएकवीसवर उतरलं होतं. काकांचं २४ मात्र तेवीसच्या जवळ टिकून आहे. ही तुलना जमते ती रॅकेट आणि गट तीच असल्यामुळे. दुसऱ्याच्या रॅकेटचे हर्ट्झ आपल्या रॅकेटशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही, नुसती गट बारीक असली तर तेवढ्यानेही सूर चढतो.

बीजी ६५ बद्दल दोन शब्द. ही गट बारीक गटींसारखी टणटण वाजत नाही. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची आहे, तिचा आवाजही खणखणीत आणि उसळीही जास्त, पण प्लॅस्टिकवर रोज खेळणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, माझ्याकडे ती पाच आठवड्यांवर टिकली नाही. ज्यांचं कोपर कुरकुरतं त्यांनी बीजी ६५ घ्यावी आणि २२-२३ पासून सुरुवात करावी. टॉस सहज मागच्या रेषेपर्यंत जायला लागले, की एकेक पौंड वाढवत जावं.

काकांकडच्या अडचणी सांगते. त्याच दिवशी रॅकेट मिळेलच असं नाही, मला दोन दिवस थांबावं लागलं. गटीही दोन-तीनच प्रकारच्या ठेवतात. फ्रेमवर छापलेल्या मर्यादेच्या वर कितीही आग्रह केला तरी मारून देत नाहीत. मजुरी दुकानापेक्षा ५० रुपये जास्त पडली आणि ती मी आनंदाने दिली. रॅकेट परत देताना त्यांनी दांड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तारीख आणि २४/२६ लिहून दिलं. त्याखाली मी माझा १०६० लिहिलाय. हजारच्या खाली आला की गट तुटायची वाट न बघता पुन्हा जाणार आहे.